तिसऱ्या काडतुसापाशी थांबणारी बंदूक
शिकारीच्या शस्त्राची क्षमता कमी करणारे नियम कसे आले, ते कसे पाळले जातात आणि कुठे तोकडे पडतात?

अमेरिकेत रानबदकांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की वन्यजीवरक्षक पाणथळ जागांवर गस्त घालू लागतात. शिकाऱ्याचा परवाना आणि मारलेल्या पक्ष्यांची संख्या तपासून झाली की ते त्याची बंदूक हातात घेतात आणि तिच्या मॅगझीनमध्ये एकामागून एक काडतुसे सरकवून पाहतात. दोन काडतुसे आत गेली तर ठीक. तिसरे जाता कामा नये. ते गेले, तर त्या दिवशी एकही पक्षी पडलेला नसला तरी शिकारी दोषी ठरतो. मॅगझीनमधील दोन आणि नळीच्या मुळाशी असलेल्या चेंबरमधील एक, अशी एकूण तीन काडतुसे ही स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीसाठी त्या देशातील संघराज्याने घालून दिलेली मर्यादा आहे.

शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत नोंदवलेल्या देशात ही मर्यादा 1935 पासून टिकून आहे, हे अनेकांना नवल वाटेल. विशेष म्हणजे ती शिकाऱ्यांवर बाहेरून लादली गेली नाही. ज्यांना शिकार टिकावी असे वाटत होते, अशांनीच तिचा आग्रह धरला होता.

बाजारासाठी होणारी शिकार

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रानपक्ष्यांचे मांस शहरांच्या बाजारात सर्रास विकले जाई. रेल्वेमुळे माल दूरवर पोहोचू लागला आणि पोटासाठी नव्हे तर घाऊक विक्रीसाठी शिकार करणारा एक वर्गच उभा राहिला. प्रवासी कबुतर या जातीचे थवे एकेकाळी आकाश झाकोळून टाकीत. जाळी, बंदुका आणि जंगलतोड यांच्यापुढे ती जात टिकली नाही. सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयात 1 सप्टेंबर 1914 रोजी ‘मार्था’ नावाची मादी मरण पावली आणि तिच्याबरोबर ती जातही संपली.

याच काळात बंदूकही बदलत होती. दुनळी बंदुकीचे दोन बार झाले की ती उघडून पुन्हा भरावी लागे. तेवढ्या अवधीत उडालेला थवा लांब जाई. विंचेस्टर कंपनीच्या 1897 च्या नमुन्यात मात्र नळीखालच्या मॅगझीनमध्ये पाच काडतुसे मावत आणि हातपकड मागेपुढे सरकवली की नवे काडतूस वर येई. त्यापाठोपाठ जॉन ब्राउनिंग या संशोधकाची स्वयंभरण बंदूक आली. 1902 पासून बेल्जियममध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. ‘ऑटो-5’ या तिच्या प्रसिद्ध नावातला आकडा काडतुसांचा होता. तिला हातपकड सरकवण्याचेही कारण नव्हते. चाप ओढत राहायचे एवढेच काम शिकाऱ्याकडे उरले.

या वेगाची धास्ती लगेच घेतली गेली. पेनसिल्व्हेनिया राज्याने 1907 मध्येच शिकारीसाठी स्वयंभरण बंदुकांवर बंदी घातली. अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात 1916 मध्ये स्थलांतरित पक्ष्यांविषयी करार झाला आणि 1918 मध्ये त्याचा कायदा झाला. बाजारासाठी होणाऱ्या पक्षीहत्येला त्याने आळा घातला. तरीही 1930 च्या दशकातील दुष्काळ आणि शेतीसाठी उपसून कोरड्या केलेल्या पाणथळी यांमुळे बदकांची संख्या झपाट्याने घसरली.

त्या वेळी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी वन्यजीवांशी संबंधित सरकारी विभागाची सूत्रे जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग यांच्याकडे दिली. डार्लिंग हे पुलित्झर पारितोषिक मिळवलेले व्यंगचित्रकार आणि स्वतः बदकांचे शिकारी. 1934 मध्ये बदकांच्या शिकाऱ्यांना एक डॉलरचे तिकीट विकत घेणे सक्तीचे झाले आणि तो पैसा पाणथळींच्या रक्षणाकडे वळवला गेला. पहिल्या तिकिटावरचे चित्र डार्लिंग यांनीच काढले होते. पुढच्याच वर्षी जिवंत बदके बांधून थव्याला भुलवणे आणि दाणे पसरून आमिष दाखवणे यांवर बंदी आली. तीन काडतुसांची मर्यादाही त्याच वर्षीची.

लाकडी दांड्याचे काम

मर्यादा आली म्हणून लाखो लोकांनी बंदुका फेकून दिल्या नाहीत. उपाय अगदी साधा निघाला. अशा बंदुकीचे मॅगझीन म्हणजे नळीखालची दुसरी, बंद तोंडाची नळी. तिच्यात काडतुसे एकापुढे एक आडवी राहतात आणि लांब स्प्रिंग त्यांना मागे ढकलत असते. पुढचे टोपण काढून स्प्रिंगच्या वेटोळ्यात योग्य लांबीचा लाकडी किंवा प्लास्टिकचा दांडा बसवला की स्प्रिंग एका ठरावीक जागेपलीकडे दबत नाही. मग दोनच काडतुसांपुरती जागा उरते.

नियमाची शब्दयोजना येथे महत्त्वाची आहे. दांडा अखंड, एकाच तुकड्याचा हवा आणि बंदूक खोलल्याशिवाय तो काढता येता कामा नये. शिकाऱ्याने ‘मी तीनच भरली होती’ असे सांगून भागत नाही. बंदुकीत किती काडतुसे होती हे न पाहता तिच्यात किती मावू शकतात, हे पाहिले जाते. वचन मोडले तर ते सिद्ध करणे कठीण असते. दांडा आहे की नाही, हे दलदलीत उभ्या असलेल्या रक्षकालाही क्षणात कळते.

तीनच का?

या आकड्यामागे शिकारीच्या मैदानावरचा अनुभव आहे. थवा पाण्यावर उतरू लागतो तेव्हाचा पहिला बार जवळून आणि नेम धरून मारलेला असतो. दुसरा बार होईपर्यंत पक्षी वर उठलेले असतात. त्यानंतरचे बार बहुधा दूर पळणाऱ्या पक्ष्यांच्या दिशेने, घाईत झाडलेले असतात. छर्रे अंतराबरोबर पांगतात आणि त्यांचा जोर कमी होतो. त्यामुळे लांबचा पक्षी मरून पडण्याऐवजी जखमी होऊन लव्हाळ्यात दिसेनासा होण्याची शक्यता वाढते. असा पक्षी शिकाऱ्याच्या हाती लागत नाही, दिवसाच्या मोजणीत येत नाही आणि पुढच्या विणीलाही उरत नाही. तीनवर थांबणारी बंदूक अशा बारांची संख्या कमी करते आणि पहिल्या बाराचे मोल वाढवते.

या नियमाकडे पावित्र्याच्या भावनेने पाहिले जात नाही, याचा पुरावाही त्याच कायद्यात सापडतो. हिमहंसांची संख्या इतकी वाढली की आर्क्टिक प्रदेशातील गवताळ दलदली त्यांनी उकरून उजाड करायला सुरुवात केली. तेव्हा 1999 पासून केवळ हे हंस मारण्यासाठी ठेवलेल्या विशेष काळात दांड्याची अट शिथिल करण्यात आली. पक्षी घटत असतील तेव्हा मर्यादा आणि पक्ष्यांमुळेच अधिवास धोक्यात आला असेल तेव्हा सवलत, हे दोन्ही निर्णय एकाच हिशेबातून आले आहेत.

रायफलीचे मॅगझीन

रायफलीची रचना वेगळी आहे. तिच्यात छर्रे नसून एकच गोळी असते आणि मॅगझीन बहुधा पेटीसारखे, खालून बसणारे असते. तळाशी स्प्रिंग आणि तिच्यावर काडतुसे वर ढकलणारी पट्टी असते. ही पट्टी किती खाली जाईल, यावर मॅगझीनची क्षमता ठरते. ती कमी करण्याचे मार्ग तीन: मुळातच आखूड मॅगझीन वापरणे, पट्टीखाली ठोकळा बसवणे किंवा मॅगझीनच्या भिंतीतून रिव्हेट ठोकून पट्टीची वाट अडवणे.

महायुद्धांनंतर लष्करी रायफली स्वस्तात विकल्या गेल्या, तेव्हा असे फेरफार मोठ्या प्रमाणावर झाले. भारतीय पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेली ‘थ्री-नॉट-थ्री’ ली-एनफिल्ड ही त्यांतलीच एक. तिच्या मॅगझीनमध्ये दहा काडतुसे मावतात. पाश्चात्त्य देशांतील शिकाऱ्यांनी तिचा लाकडी साज कापून हलका केला आणि अनेकांनी दहाऐवजी पाच काडतुसांचे मॅगझीन बसवले. त्यात सोयही होती: आखूड मॅगझीन झुडपांत अडकत नाही आणि रायफल हातात तोलून धरणे सोपे जाते.

कायद्याची नजर मात्र प्रामुख्याने अर्धस्वयंचलित रायफलींवर आहे. हाताने बोल्ट ओढून भरायच्या रायफलीत दोन बारांमध्ये आपोआपच थोडा अवधी जातो. चाप ओढताच पुढचे काडतूस चढवणाऱ्या रायफलीत तो राहत नाही. म्हणून अमेरिकेतील मिशिगन राज्यात शिकारीच्या अर्धस्वयंचलित रायफलीत चेंबर धरून सहापेक्षा अधिक काडतुसे मावता कामा नयेत, तर फ्लोरिडात पाचपेक्षा मोठे मॅगझीन असलेली अशी रायफल शिकारीला चालत नाही. छोट्या .22 जातीच्या काडतुसांना मिशिगनने वगळले आहे.

युरोपने याहून कडक आकडा धरला. 1979 च्या पक्षीरक्षण निर्देशात आणि त्याच वर्षीच्या बर्न करारात, दोनपेक्षा अधिक काडतुसे मावणारे मॅगझीन असलेली स्वयंचलित व अर्धस्वयंचलित शस्त्रे निषिद्ध साधनांच्या यादीत आहेत. पोर्तुगालसह युरोपीय संघाच्या सर्व सदस्यदेशांना हा निर्देश लागू आहे.

कॅनडाचा धडा

मॅगझीन कमी करण्याचा प्रश्न शिकारीपुरता उरला नाही. मॉन्ट्रियल येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात 6 डिसेंबर 1989 रोजी एका बंदूकधाऱ्याने 14 महिलांची हत्या केली. त्याच्या हाती अर्धस्वयंचलित रायफल होती. त्यानंतर 1990 च्या दशकाच्या प्रारंभी कॅनडाने मध्यज्वलन काडतुसांच्या अर्धस्वयंचलित रायफलींसाठी पाच आणि पिस्तुलांसाठी दहा काडतुसांची मर्यादा घातली. तेथे ही अट जंगलातही लागू आहे आणि घरातल्या कपाटातही.

आधीच विकली गेलेली मोठी मॅगझिने नष्ट करण्याऐवजी कायमची बदलून वापरण्याची मुभा देण्यात आली आणि ‘कायमची’ म्हणजे काय, हेही नियमांत लिहिले गेले. पोलादी किंवा अॅल्युमिनियमचे मॅगझीन असेल तर त्याच धातूंचा ठोकळा, दांडी वा खिळा आतल्या भिंतीला वेल्डिंग किंवा तत्सम पद्धतीने जोडावा. प्लास्टिकचे असेल तर कायमच्या चिकट द्रव्याने बसवावा. अथवा मॅगझीनची भिंतच दाबून आत घ्यावी. व्यवहारात रिव्हेट ठोकलेली मॅगझिने सर्वाधिक दिसू लागली.

इतके करूनही फटी राहिल्या. मॅगझीन ज्या शस्त्रासाठी बनवले गेले त्यावरून त्याची मर्यादा ठरत असल्याने, पिस्तुलासाठी बनवलेले दहा काडतुसांचे मॅगझीन रायफलीत बसत असेल तर ते चालू लागले. जाड काडतुसांसाठी बनवलेल्या पाचाच्या मॅगझीनमध्ये बारीक काडतुसे अधिक मावत. रिव्हेट काढता येते, ही तक्रार तर जुनीच. डिसेंबर 2023 मध्ये संमत झालेल्या सुधारणा कायद्याने मॅगझीनची क्षमता कायदेशीर मर्यादेपलीकडे वाढवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. बदकांच्या दांड्याबाबत 1935 मध्ये जे ओळखले गेले होते, तेच येथे पुन्हा दिसले: काढता येणारी मर्यादा ही अर्धी मर्यादा असते.

भारताच्या वाट्याला

भारतात हा प्रश्न या रूपात कधी उभाच राहिला नाही. ब्रिटिश राजवटीने .303 सारखी लष्करी मापाची काडतुसे खासगी हाती पडू नयेत म्हणून त्या मापाच्या रायफलींना मनाई केली; त्यामुळे .315 मापाच्या शिकारी रायफली रुळल्या. पुढे त्या बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यातही बनू लागल्या. बंधन आले ते काडतुसाच्या मापावर आणि तेही राजवटीच्या सुरक्षिततेसाठी. सावजाचा विचार त्यात नव्हता.

अमेरिकेत तीन काडतुसांचा नियम लागू होऊन तीन वर्षे झाली होती, तेव्हा 12 नोव्हेंबर 1938 रोजी भरतपूरच्या पाणथळीत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी शिकार योजली गेली. त्या एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील शिलालेखावर तो आकडा आजही वाचता येतो. संस्थानी शिकारींत दुनळी बंदुकांचा सर्रास वापर होई आणि भरलेली दुसरी बंदूक पुढे करायला सेवक उभा असे. दोनच काडतुसे मावणाऱ्या बंदुकीनेही असा संहार घडू शकतो, हे या प्रथेने दाखवले. म्हणूनच अमेरिकेत दांड्याच्या जोडीला दिवसागणिक पक्ष्यांची कमाल संख्या, हंगामाच्या तारखा आणि शिकारीच्या वेळाही ठरलेल्या आहेत. एकटा दांडा फार काही वाचवू शकत नाही.

स्वतंत्र भारताने 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवरच बंदी आणली. गोव्यात शेतीरक्षणासाठी परवाने असलेल्या बंदुका आजही गावोगावी आहेत; पण त्या बहुधा एकनळी वा दुनळी असल्याने मॅगझीनचा प्रश्न तेथे येत नाही. जंगलाला असलेला धोका मात्र त्यामुळे टळलेला नाही. म्हादई अभयारण्यातील गोळावली परिसरात जानेवारी 2020 मध्ये चार वाघ मृतावस्थेत सापडले. त्यांचा बळी घेतला तो विषाने, बंदुकीचा एकही बार न होता. मॅगझीनमधला दांडा शिकाऱ्याचा हात आवरू शकतो. गुरे गमावलेल्या शेतकऱ्याचा संताप आवरण्याचे साधन वेगळे असते: वेळेवर मिळणारी भरपाई आणि जंगलालगतच्या माणसाशी सुरू ठेवलेला संवाद.