आतड्यांचे चलन व मज्जासंस्था : दोन विषांची साक्ष

परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हिंगोली जिल्हा कापूस, सोयाबीन व हळद या पिकांचा प्रदेश होय. कापसावर फवारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांत ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील द्रव्ये असतात. तर शिवपूजेत मान असलेला धोत्रा बांधावर व पडीक जमिनीत आपोआप उगवतो. ही दोन्ही विषेच; परंतु पोटावरील त्यांचा परिणाम परस्परविरुद्ध असतो. पहिल्याने मुरडा, उलट्या व जुलाब होतात. दुसऱ्याने आतडी निश्चल होतात. या विरोधाचे कारण आतड्यांच्या चलनाच्या नियंत्रणात सापडते.

हे नियंत्रण सर्वस्वी मेंदूकडे आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि बेलिस व स्टार्लिंग यांनी १८९९ साली कुत्र्यावरील प्रयोगांतून दाखवून दिले, की बाहेरून येणारे मज्जातंतू तोडल्यावरही आतड्यातील उत्तेजनाच्या वरचा भाग आकुंचन पावतो व खालचा सैल पडतो. म्हणजेच अन्न पुढे ढकलण्याची योजना आतड्याच्या भिंतीतच आहे. तेथे मज्जापेशींच्या दोन जालिका असतात : स्नायूंच्या दोन थरांमधील आउअरबाखची व श्लेष्मल अस्तराखालील माइसनरची. १९२१ साली लँग्ली यांनी त्यांना स्वायत्त मज्जासंस्थेचा स्वतंत्र विभाग मानले. या आंत्र मज्जासंस्थेत दहा कोटींहून अधिक मज्जापेशी आहेत.

अन्नाच्या दाबाने अस्तरातील विशिष्ट पेशी सेरोटोनिन सोडतात व संवेदी मज्जापेशी उद्दीपित होतात. त्यामुळे वरच्या बाजूस मुख्यतः ॲसिटिलकोलीन स्रवून आकुंचन होते, तर खालच्या बाजूस नायट्रिक ऑक्साइडादी द्रव्यांमुळे स्नायू शिथिल होतो. आकुंचनांची लय मात्र काहाल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी ठरवितात. मनुष्याच्या जठरात ती मिनिटास सुमारे ३, तर ग्रहणीत सुमारे १२ असते. प्रत्येक विद्युत्तरंगाबरोबर आकुंचन होतेच असे नाही. ते होण्या न होण्यावर मज्जातंतूंचा मोठा प्रभाव असतो.

मेंदूचे कार्य या स्थानिक यंत्रणेस कमीअधिक करण्याचे आहे. व्हेगस मज्जातंतू चलनास सामान्यतः चालना देतो. मात्र घास गिळताच जठर सैल होते, तेही त्याच्याच द्वारे. त्याचे बहुसंख्य तंतू वस्तुतः पोटाकडून मेंदूकडे वार्ता नेतात. अनुकंपी मज्जातंतू नॉरॲड्रेनॅलीनद्वारे ॲसिटिलकोलीनचा स्राव घटवितात व द्वाररक्षक स्नायू आवळतात.

आता विषांचा उलगडा होतो. ऑर्गॅनोफॉस्फेट द्रव्ये ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकर निकामी करतात. ॲसिटिलकोलीन साचून आतडी अनावर आकुंचन पावतात. लाळ व घाम वाहतो, बाहुल्या बारीक होतात, फुप्फुसे स्रावाने भरतात. हिंगोलीस लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. तेथे वापरलेल्या कीटकनाशकांत या वर्गातील द्रव्येही होती. उलटपक्षी धोत्र्यातील ॲट्रोपीन व हायोसीन ही द्रव्ये स्नायूवरील मस्करिनी ग्राही अडवितात. ॲसिटिलकोलीन स्रवते, पण त्याचा आदेश स्नायूपर्यंत पोहोचत नाही.

याच कारणाने शुद्ध ॲट्रोपीन हे पहिल्या विषावरील प्रमुख औषध ठरले. फुप्फुसांतील स्राव ओसरून नाडी व रक्तदाब सुधारेपर्यंत त्याची मात्रा वाढवीत नेतात. ती अधिक झाली, की आंत्रध्वनी लोपतात, ज्वर चढतो व रुग्ण भ्रमिष्ट होतो. म्हणून अशा रुग्णाच्या पोटावर वारंवार स्टेथोस्कोप ठेवणे हा उपचाराचाच भाग होय. धोत्र्याचे बी हा मात्र त्यावरील उतारा नव्हे. कारण त्यातील ॲट्रोपीनचे प्रमाण झाडागणिक बदलते व मात्रा मोजता येत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. श्वसनाच्या स्नायूंवरील ग्राही निकोटिनी प्रकारचे असल्याने ॲट्रोपीनचा त्यांच्यावर उपयोग होत नाही. पोट शांत झाले म्हणून श्वास सुरक्षित झाला असे मानता येत नाही. मुरडा थांबलेल्या रुग्णाच्या श्वसनावरही अनेक दिवस लक्ष ठेवावे लागते.