संगणकातला ‘ड्रायव्हर’ काय करतो?

श्रोतेहो, आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एस. टी.चा खाकी कपड्यातला ड्रायव्हर उभा राहील. पण हा ड्रायव्हर माणूस नव्हे. संगणकाच्या पोटात राहणारी ती एक आज्ञावली आहे. ती दिसत नाही आणि काम नीट चालले असेल तोवर तिची आठवणही कोणाला होत नाही. बिघडली की मात्र सगळ्यांचे हात थांबतात.

आमच्याकडे घडलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या महाविद्यालयात एक स्कॅनर आहे, म्हणजे कागदाचे चित्र उतरवून संगणकात घालणारे यंत्र. प्रवेशाची जुनी रजिस्टरे वाळवीने खाण्याआधी त्यांची चित्रे घेऊन ठेवावीत म्हणून ते आणले होते. मध्यंतरी जुना संगणक जाऊन नवा आला. स्कॅनर जोडला, त्याचा दिवाही लागला, पण संगणक काही त्याला ओळखीना. शिपाईमामा म्हणाले, “सर, हे बिघडलं. भंगारात देऊन टाकू या का?” नीट पाहिले तेव्हा यंत्रात काडीचाही बिघाड नव्हता. जुन्या संगणकात त्याचा ड्रायव्हर होता. नव्या संगणकात तो चालत नव्हता आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीने नवा काढलेला नव्हता. धडधाकट यंत्र केवळ दुभाष्या नसल्यामुळे मुके झाले होते.

आता हा दुभाष्या नेमके काय करतो ते पाहू या. त्यासाठी आपण विहिरीवर जाऊ.

विहिरीवर मोटार असते आणि मोटारीजवळ स्टार्टरची पेटी असते. मालक गड्याला म्हणतो, “उसाला पाणी सोड.” तेवढेच सांगणे पुरते. पण गड्याला पुष्कळ माहीत असावे लागते. मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर असेल, तर दांडा आधी एका बाजूला न्यायचा, मोटारीने वेग घेईपर्यंत थांबायचे, मग दुसऱ्या बाजूला न्यायचा. घाई केली तर स्टार्टर ट्रिप होतो. ट्रिप झाला तर काय करायचे हेही गड्याला ठाऊक पाहिजे. शेजारच्या विहिरीवरचा स्टार्टर निराळ्या बनावटीचा, त्याची तऱ्हा निराळी. मालकाला यातले काही ठाऊक नसले तरी अडत नाही.

संगणकात मालकाच्या जागी असते ती कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स यांसारखी मुख्य व्यवस्था. तबकडी, छपाईयंत्र, स्कॅनर ही झाली मोटार. प्रत्येक यंत्राबरोबर त्याला आतून हाकणारा एक कंट्रोलर असतो, तो म्हणजे स्टार्टरची पेटी. आणि त्या पेटीची खोड जाणणारा गडी म्हणजे ड्रायव्हर.

ड्रायव्हर लिहिणाऱ्याचे काम कसे असते, ते एका खऱ्या उदाहरणावरून समजेल. १९८४ साली आय. बी. एम. कंपनीने पी. सी. ए. टी. नावाचा संगणक काढला. त्यातील तबकडीच्या कंट्रोलरची बोलण्याची रीत पुढे अनेक वर्षे लाखो संगणकांत चालली. या कंट्रोलरला कचेरीसारख्या आठ खिडक्या आहेत. त्यांचे क्रमांक आपल्या नेहमीच्या दशमान मोजणीत ४९६ ते ५०३. प्रत्येक खिडकीमागे एक कप्पा असतो, त्याला ‘रजिस्टर’ म्हणतात. हजेरीच्या रजिस्टराशी त्याचा संबंध नाही. बहुतेक कप्प्यांत ० ते २५५ यांपैकी एकच संख्या मावते. ड्रायव्हरने जे काही बोलायचे ते या खिडक्यांतून संख्या आत टाकून आणि बाहेर काढून.

समजा, तबकडीवरचा १००० क्रमांकाचा भाग वाचायचा आहे. असा एक भाग ५१२ बाईटांचा, म्हणजे साधारण ५१२ इंग्रजी अक्षरांचा असतो. एका कप्प्यात २५५ च्या वर मावत नाही, मग १००० कसे सांगायचे? शिक्षकांनी हे गणित फळ्यावर करून पाहावे. १००० ला २५६ ने भागले तर भागाकार ३ आणि बाकी २३२. म्हणून ४९९ च्या खिडकीत २३२ टाकायचे, ५०० मध्ये ३ आणि ५०१ मध्ये ०. किती भाग हवेत ते ४९८ मध्ये, म्हणजे १. कोणत्या तबकडीवरचा, हे ५०२ मध्ये. पहिल्या तबकडीसाठी तेथे २२४ टाकतात. एवढे झाल्यावर ५०३ मध्ये ३२ ही संख्या टाकायची. या कंट्रोलरच्या भाषेत ३२ म्हणजे “वाच”.

येथपर्यंत काम सोपे वाटेल. खरी परीक्षा यापुढे आहे.

तबकडी म्हणजे फिरणारे चाक. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी धरली, तर एका फेऱ्याला सेकंदाचा १२० वा भाग लागतो आणि हवी ती जागा वाचकडीखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो. म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. आपल्याला हा क्षणही वाटत नाही. पण सेकंदाला १०० कोटी पावले टाकणाऱ्या संगणकाला तेवढ्या वेळात ४० लाख पावले टाकता येतात. गड्याने तेवढा वेळ स्टार्टरकडे टक लावून उभे राहावे की दुसरे काम करावे? म्हणून अशी सोय केलेली असते की काम झाले की कंट्रोलर घंटा वाजवतो. तिला ‘इंटरप्ट’ म्हणतात. घंटा झाली की संगणक हातातले काम बाजूला ठेवून ड्रायव्हरला बोलावतो. ड्रायव्हरने तेथे थोडक्यात आटोपले पाहिजे, कारण तो थांबला तर मागची सगळी कामे थांबतात.

घंटा झाली म्हणजे काम फत्ते झाले असे मात्र समजू नये. आता ५०३ ची खिडकी पुन्हा पाहायची. गंमत अशी की या एकाच खिडकीत संख्या टाकली तर तो हुकूम होतो आणि तिच्यातून संख्या काढली तर ती हकिकत होते. समजा, हकिकत ८८ आली. ८८ म्हणजे ६४, १६ आणि ८ यांची बेरीज. ६४ म्हणजे यंत्र तयार आहे, १६ म्हणजे वाचकडी जागेवर आहे, ८ म्हणजे माल तयार आहे, घेऊन जा. मग ४९६ च्या खिडकीतून दोन-दोन बाईट असे २५६ वेळा उचलायचे की ५१२ बाईट पुरे झाले. पण हकिकत ८१ आली तर? त्यात ६४ आणि १६ यांच्या जोडीला १ आहे, आणि १ म्हणजे चूक झाली. ती कोणती, हे ४९७ च्या खिडकीत विचारायचे. आणि संख्येत १२८ असेल तर कंट्रोलर अजून कामात आहे. अशा वेळी बाकीच्या खुणांवर विश्वास ठेवायचा नाही.

याशिवाय बारीक नियम पुष्कळ. एका तबकडीवरून दुसरीकडे वळले की सेकंदाच्या एक कोटी भागांपैकी चार भाग थांबावे लागते, नाहीतर आधीच्या तबकडीची हकिकत नव्या तबकडीच्या नावावर पडते. ५०३ ची खिडकी नुसती वाचली तरी घंटेची खूण पुसली जाते. म्हणजे वाचणे हीसुद्धा येथे एक कृती आहे, ती विचार करूनच केली पाहिजे. आणि घंटा मुळी वाजलीच नाही तर? तार निघाली असेल, तबकडी अडकली असेल. चांगला ड्रायव्हर वाट पाहण्याची मुदत ठरवतो. मुदत संपली की कंट्रोलर पुन्हा भानावर आणून दोन-तीन वेळा प्रयत्न करतो, आणि तरीही जमले नाही तर कार्यप्रणालीला स्पष्ट सांगतो की काम झालेले नाही.

हे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जे झाले नाही ते झाले असे ड्रायव्हरने कधीही सांगता कामा नये. खेड्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. आपण गुणपत्रके लिहून ‘साठवा’ म्हणतो. तबकडी पुष्कळदा ती माहिती आधी आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेते आणि “लिहिले” म्हणून मोकळी होते. तेवढ्यात वीज गेली तर लिहिलेले गेलेच. म्हणून “हातचे सगळे खरोखर तबकडीवर उतरव” असा एक वेगळा हुकूम आहे, त्याची संख्या २३१. कार्यप्रणालीने पक्की खात्री मागितली की ड्रायव्हरने हा हुकूम द्यायचा, तो पुरा होईपर्यंत थांबायचे आणि मगच होकार द्यायचा. कोणा लिहिणाऱ्याने वेग दाखवण्याच्या हौसेने हा हुकूम गाळला, तर त्याचे यंत्र चार दिवस चपळ वाटेल. एके दिवशी वर्गाचे निकालपत्र नाहीसे होईल, आणि चूक कोणाची हे त्या शिक्षकाला कधी कळणारही नाही.

कोणी म्हणेल, एका आज्ञावलीच्या चुकीची एवढी धास्ती कशाला? त्याचे कारण ड्रायव्हरच्या बसण्याच्या जागेत आहे. पत्र लिहिण्याची, हिशेबाची अशा साध्या आज्ञावल्या संगणकाच्या ओसरीवर बसतात. त्यांतली एखादी कोसळली तर तिच्यापुरते नुकसान. ड्रायव्हरला मात्र यंत्रांशी थेट बोलायचे असते, म्हणून बहुतेक वेळा त्याला माजघरात, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात घ्यावे लागते. तेथे तो धडपडला तर सारे घर अंधारात जाते. २००१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्सचा गाभा तपासला, तेव्हा ड्रायव्हरांतील चुकांचे प्रमाण इतर भागांच्या मानाने तीन ते सात पटींपर्यंत अधिक आढळले.

अलीकडचे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. क्राउडस्ट्राइक या कंपनीची रखवालदारीची आज्ञावली ड्रायव्हरसारखीच विंडोजच्या गाभ्यात बसते. ती कोणते यंत्र हाकत नाही, पण जागा तीच. त्या दिवशी तिला नवी माहिती पाठवली गेली. रकाने पुरवलेले होते २० आणि ती वाचायला गेली २१ वा. एवढ्या एका चुकीने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. आलेली संख्या आपल्या हद्दीत आहे की नाही हे आधी तपासावे, हा धडा शाळेतल्या हिशेबासारखाच साधा आहे.

आता शेवटचा मुद्दा. ४९८ मध्ये काय टाकायचे आणि ८८ चा अर्थ काय, हे लिहिणाऱ्याला कळते कसे? ते यंत्र बनवणाऱ्याच्या माहितीपुस्तकातून कळते. तबकडीच्या कंट्रोलरची ही रीत उघड होती. म्हणूनच १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याला स्वतःच्या संगणकासाठी तबकडीचा ड्रायव्हर लिहिता आला. लिनक्सची पहिली वार्ता त्याने जगाला दिली तेव्हा ते केवळ ए. टी. पद्धतीच्या तबकड्यांवरच चालत होते. पुढे ज्यांच्याजवळ निराळी यंत्रे होती त्यांनी आपापले ड्रायव्हर लिहून त्यात भर घातली. जेथे कंपनी माहितीपुस्तक कुलुपात ठेवते, तेथे यंत्राचे आयुष्य कंपनीच्या मर्जीवर राहते. तिने हात काढून घेतला की यंत्र धडधाकट असूनही भंगारात जाते, आणि पैसे मात्र शाळेचे गेलेले असतात.

आमचा स्कॅनर यातून वाचला. स्कॅनरांसाठी ‘सेन’ नावाचा एक उघड प्रकल्प आहे. जगभरच्या लोकांनी नाना स्कॅनरांचे ड्रायव्हर लिहून त्यात ठेवले आहेत. आमच्या स्कॅनरचा ड्रायव्हर त्यांत निघाला. एका जुन्या संगणकावर लिनक्स घातले, स्कॅनर जोडला आणि थोड्याच वेळात रजिस्टराचे पहिले पान पडद्यावर उमटले. शिपाईमामा म्हणाले, “म्हणजे हे बिघडलंच नव्हतं की!”

शिक्षक बंधुभगिनींनो, यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शाळेसाठी यंत्र घेताना किंमत आणि हमी विचारता, तसेच हेही विचारा की याचा ड्रायव्हर कोणकोणत्या कार्यप्रणालींसाठी आहे आणि तो उघड आहे का. दुसरे असे की वरच्या वर्गात एखादा चौकस विद्यार्थी असेल तर त्याला ड्रायव्हर लिहायला उत्तेजन द्या. आजच्या नव्या संगणकांत त्या जुन्या आठ खिडक्या बहुधा सापडत नाहीत. तबकडीशी बोलण्याच्या नव्या रीती आल्या आहेत. पण क्यूईएमयू नावाची एक मोफत आज्ञावली संगणकाच्या आत दुसरा नकली संगणक उभा करते, आणि त्यात तो जुना कंट्रोलर खिडक्यांसकट मिळतो. तेथे चूक झाली तरी खऱ्या यंत्राला धक्का लागत नाही. मुलाने १००० ला २५६ ने भागावे, संख्या आपापल्या खिडक्यांत टाकाव्यात आणि ८८ येण्याची वाट पाहावी. भागाकार आणि बाकी यांचा उपयोग काय, हे पुन्हा त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.