वीस अक्षरांचं स्वस्तिक

अकोल्याच्या जुन्या भागात रेडियमचं एक दुकान आहे. मादाम क्युरींचा इथे काही संबंध नाही. नंबरप्लेटवर, ऑटोच्या काचेवर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर जो चमकता चिकटकागद लावतात त्याला आपल्याकडे रेडियम म्हणतात, आणि तो कापून देणाऱ्याला रेडियमवाला. पुतण्याच्या नव्या ट्रॅक्टरसाठी एक स्वस्तिक कापून घ्यायला मी तिथे गेलो होतो. पेनड्राइव्हवर जुन्या लग्नपत्रिकेवरून स्कॅन केलेलं, कोरलमध्ये ट्रेस मारलेलं स्वस्तिक होतं. माझी अर्धी हयात अमरावतीत छापायच्या लग्नपत्रिका जुळवण्यात गेलेली, त्यामुळे फायलीत काही खोट असेल असं मनातही आलं नाही.

मशीन सुरू झालं आणि पातं सरळ रेघ कापायच्या ऐवजी थंडी भरल्यासारखं थरथरायला लागलं. कोपऱ्यावर कागद उचलला गेला, फाटला. दुकानातल्या पोराने बटण दाबलं, फाइल उघडली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, “कायले इतके नोड देल्ले भाऊ? चारशेच्या वर हायेत. स्वस्तिकाले कोपरे किती असतात? मोजा.”

मी मोजले. वीस. एका हाताला पाच, चार हातांचे वीस.

स्कॅन केलेल्या चित्रात तिरपी वा थोडी वाकडी झालेली रेघ म्हणजे बारीक चौकोनांचा जिना असतो. ट्रेस मारला की संगणक त्या जिन्याची पायरी न् पायरी इमानाने टिपतो. दिसायला ती रेघच, पण पात्याला मात्र प्रत्येक पायरीला ‘आता इकडे, आता तिकडे’ असा हुकूम मिळतो. कापणारं यंत्र चित्र बघत नाही, हुकूम ऐकतं. ह्यूलेट-पॅकार्डने आपल्या प्लॉटरांसाठी केलेली आज्ञांची भाषा अजूनही अशा बऱ्याच यंत्रांना कळते, आणि तिचा गाभा दोनच शब्दांचा आहे: पेन वर, पेन खाली.

रात्री परत अमरावतीला येताना, मूर्तिजापूर गेल्यावर, डोक्यात एकच बसलं होतं. स्वस्तिक काढायला कमीत कमी किती हुकूम लागतात?

रेघांची चित्रं शब्दांत लिहायची एक सर्वमान्य भाषा आता आहे. तिचं नाव एसव्हीजी. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने ४ सप्टेंबर २००१ रोजी तिला शिफारशीचा दर्जा दिला. त्याआधी १९९८ मध्ये अडोबीच्या बाजूने एक आणि मायक्रोसॉफ्टच्या बाजूने एक, असे दोन वेगळे प्रस्ताव आले होते. भांडण मिटवून तिसरीच भाषा केली गेली. गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या इंटरनेट एक्सप्लोररला ती कळायला २०११ उजाडलं. तोवर आपण पत्रिकेचे नमुने जेपीजी करून पाठवत होतो आणि गिऱ्हाईक मोठं करून बघून ‘अक्षर फुटलं’ म्हणून परत पाठवत होतं.

या भाषेत ‘पाथ’ नावाची वस्तू आहे, आणि तिचे हुकूम एकेका रोमन अक्षराचे. एम म्हणजे हात उचलून अमुक जागी टेक. एच म्हणजे आडवं जा, व्ही म्हणजे उभं जा. एल म्हणजे तिरकं. सी आणि क्यू वळणांसाठी. त्यातलं सीचं वळण गाड्यांच्या पत्र्यावरून आलंय, सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी बसवलेलं. झेड म्हणजे निघालो तिथे परत. मोठं अक्षर असेल तर आकडा नकाशावरचा पक्का. लहान अक्षर असेल तर ‘उभे आहात तिथून इतकं’. धुऱ्यावरून पत्ता सांगायच्या आपल्या दोन तऱ्हा आहेत ना, सर्व्हे नंबर सांगायचा किंवा ‘इथून चार तास सोडून’ म्हणायचं, तेच.

सरळ रेघांच्या स्वस्तिकाला वळणं लागत नाहीत. लागतात फक्त ठिपके. पाच बाय पाच.

इथे माझी आजी आठवल्याशिवाय राहत नाही. सडा पडला, सारवण वाळलं की ती ठिपके टाकायची, आणि ठिपके टाकून झाले की तिच्या लेखी रांगोळी संपलेली असायची. उरलं ते जोडणं, ते पोरीबाळीही करत. ठिपके मोजून टाकणं हे मोठ्यांचं काम. मला तेव्हा हे उलटं वाटायचं. आता वाटत नाही. कोरलमधून बाहेर काढलेल्या फायलीत एकेका बिंदूचा आकडा दशांशचिन्हापुढे तीन-चार घरांपर्यंत जातो, कारण ती मिलिमीटरच्या रानात हिंडत असते. पाच बाय पाच ठिपक्यांच्या अंगणात प्रत्येक आकडा एकाच अंकाचा: ०, १, २, ३ किंवा ४. निम्म्याहून जास्त बचत रेघ ओढायच्या आधीच झालेली असते.

डावीकडचा वरचा ठिपका शून्य-शून्य धरू. उजवीकडे गेलं की पहिला आकडा वाढतो, खाली आलं की दुसरा. मग स्वस्तिक असं: एम ४ ०, एच २, व्ही ४, एच ०. पुन्हा एम ० ०, व्ही २, एच ४, व्ही ४. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी स्वल्पविराम दिले. संगणकाला ते नको असतात. दोन आकडे शेजारी आले तरच मध्ये एक जागा सोडावी लागते. ती धरून पहिल्या रेघेची अक्षरं दहा, दुसरीची दहा. एकूण वीस. माझ्या चारशे नोडांचं स्वस्तिक वीस अक्षरांत बसलं.

पण हात एकदा उचललाच. आजीला ते आवडत नसे. “कायले हात उचलतं रे घडी घडी?” हे तिचं नेहमीचं. मोडी लिहिणाऱ्यांचंही तेच म्हणणं होतं. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या, मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघांखाली अक्षरं गुंफत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळही मोडीने निकालात काढला; इकार एकच, उकार एकच. कारकुनाचा वेळ वाचला, वाचणाऱ्याचा किती गेला ते वेगळं.

म्हणून हात न उचलता करून बघितलं. पहिली रेघ संपली तिथून आल्या वाटेने मागे मध्यावर यायचं, डावीकडे जायचं, वर चढायचं, परत खाली उतरायचं आणि मग उजवीकडे जाऊन खाली. वीसची चोवीस अक्षरं झाली. संगणकाकडे हात उचलणं चार अक्षरांना पडतं, आणि गिरवलेली वाट त्याहून महाग. हात अजिबात न उचलता आणि काहीच न गिरवता स्वस्तिक निघणार नाही, हे मात्र ऑयलरने १७३६ मध्ये क्योनिग्सबर्गच्या सात पुलांच्या कोड्यात सांगून ठेवलंय, जरी त्याच्यासमोर स्वस्तिक नव्हतं. स्वस्तिकाला मोकळी टोकं चार. एका सलग रेघेला टोकं दोनच असतात. म्हणजे रेघा किमान दोन. ज्या घरात पोरी कागदावर हे करून बघतात तिथे पाचवीतलं पोरही हे समजावून सांगेल.

स्वस्तिकाच्या चार कोनांत चार ठिपके देतात, ते राहिले होते. टोक गोल ठेवलं तर शून्य लांबीची रेघही ठिपका म्हणून उमटते: एम १ १ झेड. टेकलं आणि तिथेच परत. पाच अक्षरांचा एक ठिपका, चारांचे वीस. अख्खं स्वस्तिक आणि त्याचे चार ठिपके, दोघांची किंमत सारखी! ठिपका म्हणजे नुसता चिमूट सोडणं, असं आपण समजत होतो.

रांगोळीकडे असं हिशेबाने बघणारा मी पहिला नाही, बराच उशिरा आलेला आहे. मद्रासमध्ये गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलमवर एक निबंध छापला. कोलम म्हणजे तिकडची ठिपक्यांभोवती वळसे घेत जाणारी रांगोळी. थोडेसे नियम दिले की मोठमोठी कोलमं आपोआप वाढत जातात, याचं व्याकरण त्यांनी मांडलं. ते वाचल्यावर चातुर्मासातल्या तेहेतीस गोपद्मांकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. एक गोपद्म काढायचं आणि ‘हेच तेहेतीस वेळा’ म्हणायचं. एसव्हीजीत त्यासाठी ‘यूज’ हा हुकूम आहे. महालक्ष्म्यांच्या पावलांना तर त्याहून सोपं. मूठ वळून करंगळीकडची बाजू पिठाच्या पाण्यात बुडवायची, दारात टेकवायची, वर बोटाने पाच ठिपके द्यायचे. दुसऱ्या पावलाला दुसरी मूठ. संगणकाला दुसरी मूठ म्हणजे रुंदीला उणे एकने गुणणं.

सर्वांत आखूड कसं ओळखायचं, हा प्रश्न मात्र अवघड निघाला. १९६०च्या दशकात रे सोलोमोनोफ, आंद्रेई कोल्मोगोरोव आणि ग्रेगरी चैटिन हे तिघं आपापल्या वाटेने एकाच कल्पनेशी पोचले: एखाद्या वस्तूच्या गुंतागुंतीचं माप म्हणजे ती घडवणाऱ्या सर्वांत आखूड प्रोग्रामची लांबी. आणि त्याच कल्पनेतून हेही निघालं की तो आखूड प्रोग्राम हुडकून काढायची सगळीकडे चालेल अशी रीतच असू शकत नाही. पाथची भाषा एवढीशी आहे, तिथे वीसपेक्षा आखूड सगळ्या ओळी एकेक करून तपासताही येतील. मी तपासलेल्या नाहीत. ज्यांना दिवाळीच्या सुट्या आहेत त्यांनी तपासाव्यात.

खरं तर एका अक्षराचंही स्वस्तिक मिळतं. युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत, २००९ मध्ये, स्वस्तिकाला तिबेटी अक्षरांच्या घरात जागा मिळाली. एक खूण टाकली की काम झालं. पण समोरच्याच्या फॉन्टमध्ये ती नसेल तर तिथे रिकामा डबा दिसतो. हा डबा मी चांगला ओळखतो. १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने रुपयाचं चिन्ह मंजूर केलं, मुंबईच्या आयआयटीतल्या उदयकुमार यांचं, देवनागरी र आणि रोमन आर यांच्या मधलं. युनिकोडमध्ये ते ऑक्टोबरात आलं. मधल्या काळात कुणी कुणी जुगाडू फॉन्ट फिरवले, ज्यात कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली एक बिनकामाची खूण दाबली की रुपया उमटे. मी त्या फॉन्टवर एका कापडवाल्याचं दरपत्रक जुळवलं आणि फाइल दुसरीकडे छापायला पाठवली. तिथे तो फॉन्ट नव्हता. हजारभर कागदांवर प्रत्येक भावाच्या आधी एक बारीक तिरपी टिकली उमटून आली. ‘कर्व्ह करून दे’ असं जे छापखान्यात बजावतात, म्हणजे अक्षर मोडून त्याच्या रेघा करून पाठव, ते या टिकलीसाठी.

एका अक्षरात भागतं, कारण उरलेलं सगळं समोरच्याच्या घरी असतं. वीस अक्षरांचंही तेच. ती वीस अक्षरं समजून घ्यायला ब्राउझरच्या पोटात केवढा तरी पसारा लागतो. शिवाय ती वेगळ्या फायलीत ठेवायची तर वर एसव्हीजीचा ठरलेला पत्ता लिहावा लागतो. तो पत्ताच सव्वीस अक्षरांचा, स्वस्तिकापेक्षा लांब.

अमरावतीहून मोर्शीच्या बाजूला रिद्धपूर आहे. लीळाचरित्राचं गाव, आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही आलं आहे. चक्रधरांच्या बोलण्यातली वचनं केसोबासांनी निवडून सूत्रपाठ बांधला. दोन-तीन शब्दांची सूत्रं, काही तर एका दमात चार म्हणून होतात. पण कोणत्या प्रसंगी, कुणाला उद्देशून स्वामी हे बोलले, ते ठाऊक नसेल तर सूत्र नुसतं हातात राहतं. म्हणून महानुभावांना ‘प्रकरणवश’ लिहावं लागलं, ज्यात सूत्रामागचा प्रसंग सांगितलेला असतो. पुढे ग्रंथ सकळ लिपीत गेले, एका अक्षराच्या जागी दुसरं घालून केलेल्या सांकेतिक लिपीत. मग किल्ली नसलेल्याला सूत्र तर सोडाच, साधं वाक्यही वाचता येईना. वाचणाऱ्यावर किती सोपवायचं, याचा इतका खोल विचार करणारे लोक आमच्या जिल्ह्यात सातशे वर्षांपूर्वी होऊन गेले आणि आम्ही पत्रिकेत फॉन्ट हरवून बसतो.

पुढच्या आठवड्यात मी वीस अक्षरं घेऊन अकोल्याला गेलो. पोराने फाइल उघडली आणि हसायला लागला. एसव्हीजीत रेघ ओढायला वेगळं सांगावं लागतं, आणि आतला भाग रिकामा ठेव हेही सांगावं लागतं. काहीच सांगितलं नाही तर संगणक आकृतीचं तोंड आपणच बंद करतो आणि पोट काळं भरतो. मी आखूडपणाच्या नादात काहीच सांगितलं नव्हतं. रेघेचं एक टोक दुसऱ्या टोकाला तिरकं जोडलं गेलं होतं, आणि स्वस्तिकाच्या जागी स्क्रीनवर चार काळे त्रिकोण मध्यबिंदूला टेकून उभे होते.

“हे तं भिरभिरं झालं!” दुकानात बसलेली सात-आठ वर्षांची पोरगी ओरडली.

पोराने मला समजावलं की पात्याला रेघेची जाडी कळत नाही, ते काठाकाठाने जातं. त्याला स्वस्तिकाची बाह्यरेषाच हवी. काउंटरवरच बसून ती लिहिली: पाच बाय पाच चौकोन, वीस कोपरे, एम, मग एच-व्ही आळीपाळीने, शेवटी झेड. त्रेचाळीस अक्षरं. पातं एकदाही थरथरलं नाही. नको तो कागद त्याने नखाने सोलून काढला, स्वस्तिक पारदर्शक टेपवर उचललं आणि गुंडाळी करून दिलं.

त्याआधी त्याने पोरीसाठी भिरभिरंही कापलं, पिवळ्या रेडियममध्ये. ते तिने सायकलच्या मडगार्डवर लावलं, जरा तिरकं.