फोटोची मागची बाजू

1886 ते 1890 या काळात न्यूयॉर्कची गुडविन कंपनी ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंचे फोटो घालत असे. छापील चित्रं नव्हेत, पुठ्ठ्यावर चिकटवलेले खरेखुरे फोटो. ते बहुतेक स्टुडिओतच काढलेले. धावता चेंडू टिपणं तेव्हाच्या कॅमेऱ्याला अवघड, म्हणून चेंडू दोरीनं वर टांगायचा आणि खेळाडूनं झेल घेतल्यासारखे हात उंचावून स्तब्ध उभं राहायचं. निरखून पाहिलं तर कित्येक फोटोंत ती दोरी दिसते. माझ्या दृष्टीनं बेसबॉलचे जुने फोटो जमवण्याच्या छंदाची सगळी गोडी त्या दोरीत आहे.

अशा फोटोंची सुरुवात त्याही आधीची. 1869 साली सिनसिनाटीचा ‘रेड स्टॉकिंग्ज’ हा उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला संघ मैदानात उतरला. त्याचा फोटो न्यूयॉर्कच्या ‘पेक अँड स्नायडर’ या क्रीडासाहित्याच्या दुकानानं जाहिरातीसाठी वाटला. पुढच्या बाजूला संघ, मागे दुकानाची जाहिरात. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावरचे हे फोटो आज तपकिरी-पिवळसर पडलेत.

पुढे वृत्तपत्रांचा काळ आला आणि चार्ल्स कॉनलन आला. न्यूयॉर्कच्या एका दैनिकात तो मुद्रितशोधक होता, फोटो काढणं हा जोडउद्योग. 1910 साली हिलटॉप पार्क मैदानावर नामांकित खेळाडू टाय कॉब तिसऱ्या बेसकडे धूळ उडवत घसरला आणि तिथला खेळाडू जिमी ऑस्टिन उडाला. ऑस्टिनला लागलं तर नाही ना, याच काळजीत कॉनलन होता. आपण कळ दाबली की नाही हेही त्याला आठवेना. फोटोची काच, म्हणजे काचेची निगेटिव्ह, धुतल्यावर कॉबचे आवळलेले दात आणि उडालेली माती उमटली. बेसबॉलच्या फोटोंत मला याच्या तोडीचा दुसरा दिसत नाही. याच माणसानं आपल्या कित्येक काचा पुढे स्वतः नष्ट केल्या, हे वाचून जीव हळहळतो.

काच गेली की त्या काळी काढलेली प्रतच उरते. म्हणून संग्राहक फोटोची मागची बाजू पुढच्याइतकीच बारकाईनं वाचतात. छायाचित्रकाराचा शिक्का, संपादकानं पेन्सिलीनं लिहिलेलं माप, छापल्याची तारीख, चिकटवलेली फोटोओळींची पट्टी या सगळ्यावरून प्रतीचं वय ठरतं. 2005 साली फोगेल, ओझर आणि यी यांच्या पुस्तकानं प्रतींची चार प्रकारांत विभागणी रूढ केली. मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांत काढलेली प्रत ती ‘टाइप वन’. तोच फोटो, तीच निगेटिव्ह, पण प्रत वीस वर्षांनी काढलेली असेल तर भाव कोसळतो. नकली माल ओळखायला अतिनील दिवा कामी येतो. 1950च्या दशकाच्या मध्यापासून फोटोच्या कागदात उजळपणा आणणारी रसायनं आली, असा कागद दिव्याखाली निळसर चमकतो. कॉबच्या ऐन उमेदीतला म्हणून दाखवलेला फोटो तसा चमकला, की तिथेच व्यवहार थांबवावा.

बाजाराची एक गोष्ट मला मुळीच पटत नाही. बोस्टनच्या कार्ल हॉर्नरनं बेसबॉलपटू होनस वॅगनरचा फोटो काढला. त्यावरून सिगारेटच्या पाकिटातलं छापील कार्ड बनलं. त्या कार्डाची एक प्रत 2022 साली 72 लाख 50 हजार डॉलरना गेली. हॉर्नरच्या फोटोला मात्र आजवर त्याच्या जवळपासही किंमत आलेली नाही. वॅगनर प्रत्यक्ष बसला तो हॉर्नरच्या कॅमेऱ्यासमोर, कार्डाच्या छापखान्यासमोर नव्हे.

याहून मोठी उणीव वेगळीच आहे. 1884 साली टोलेडोकडून मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर वरच्या लीगमध्ये खेळला. त्यानंतर 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत कृष्णवर्णीयांसाठी ते दार बंदच होतं. बड्या दैनिकांचे कॅमेरे गोऱ्यांच्या मैदानांवर रोखलेले, त्यामुळे कृष्णवर्णीय संघांचे जुने फोटो दुर्मीळ आहेत. संग्राहकांनी पैसा आणि श्रम खर्चायचे तर आधी तिथे, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरेदीपूर्वी आणखी एक चौकशी हवी. बेसबॉलच्या जुन्या वस्तूंचा स्पॉल्डिंग संग्रह 1921 मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडे आला, पण त्यातल्या अनेक वस्तू पुढे चोरीला गेल्या. बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या बेसबॉल फोटोंच्या मॅकग्रीवी संग्रहालाही चोरांनी हात घातला. ग्रंथालयाचा शिक्का खरवडलेला दिसला तर फोटो कितीही देखणा असो, घेऊ नये.

पैसे न खर्चता पाहायचं असेल, तर जॉर्ज ग्रँथम बेनच्या वृत्तसंस्थेच्या हजारो काचा वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं इंटरनेटवर मोफत खुल्या केल्या आहेत. तिथे बेसबॉलचे फोटो मोठे करून पाहता येतात. जरूर पाहा.