गाडगं कुठं सोडायचं?

मे महिन्यात वहिनी गेल्या. तिसऱ्या दिवशी राख सावडली, गाडग्याला लाल फडकं बांधलं आणि पैठण गाठलं. जायकवाडी धरणाच्या, म्हणजे नाथसागराच्या काठावर रखवालदारानं हात आडवा केला. "पिण्याचं पाणी आहे, इथं नाही सोडता येणार." त्याचं बरोबरच होतं. आमच्या घरी काही दिवसांच्या खंडानं येतं ते नळाचं पाणीही याच धरणाचं. मग कुठं सोडायचं? "खाली, घाटावर जा." घाटावर घोटाभर हिरवं पाणी साचलेलं. पुतण्या गाडगं छातीशी धरून पायरीवर उभा राहिला. पाच वर्षांपूर्वी त्याचे वडील, म्हणजे माझे दादा गेले, तेव्हाही तो असाच उभा होता.

24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते जायकवाडीचं उद्घाटन झालं. यंदा त्याला 50 वर्षं झाली. त्याआधीची गोदावरी मला लहानपणची आठवते. हातातलं ओढून नेणारं पाणी होतं ते. धरण हवंच होतं. 1972चा दुष्काळ पाहिलेला माणूस त्याला नावं ठेवणार नाही. पण 27 दरवाजांनी नदी अडवताना खाली अस्थी घेऊन येणाऱ्यांनी काय करायचं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. 1974चा जलप्रदूषण कायदा प्रवाहात दूषित पदार्थ सोडायला मनाई करतो; त्यात अस्थींचं नाव नाही. महापालिका अधिनियमानं स्मशानं पुरवणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य ठरवलं. सावडल्यानंतरचं त्यात काही नाही. दंडसंहितेचं कलम 297, आताच्या न्याय संहितेचं 301, मृतांचे अवशेष ठेवलेल्या जागेत शिरून विटंबना करणाऱ्याला शिक्षा सांगतं. ती जागा कुणी बांधून द्यायची, हे तिथंही नाही. ऐंशी-नव्वदची दशकं अशीच गेली.

माझ्या मनात ठसठसतं ते 2012 ते 2021 हे दशक. त्याची सुरुवातच दुष्काळानं झाली. नाथसागराची तळाची माती उघडी पडली. वर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही, यावर भांडणं कोर्टात गेली आणि 2016 साली उच्च न्यायालयानं समन्यायी वाटपाच्या बाजूनं कौल दिला. मराठवाड्याचा तो हक्क होता आणि आहे. पण पिण्याला किती, शेतीला किती, कारखान्यांना किती, या सगळ्या हिशोबात घाटाचा शब्द माझ्या कानावर आला नाही. त्या वर्षांत लोक डबक्यात अस्थी सोडत होते, आणि पोरं त्याच डबक्यात चाळण्या घालून नाणी आणि सोन्याचा कण शोधत होती. बाबा भांडांनी हे जग 'दशक्रिया' कादंबरीत कधीच मांडलं होतं. 2017 साली त्यावरचा चित्रपट आला, तेव्हा तो बंद करा म्हणून औरंगाबाद खंडपीठात याचिका गेली. ती फेटाळली गेली, हे चांगलंच झालं. मला वाईट वाटलं ते याचं, की पैठणचा घाट न्यायालयात पोचला तो सिनेमाच्या भांडणामुळे. त्या चाळणीवाल्या पोरांसाठी किंवा त्या डबक्यासाठी कुणी गेलं नाही.

याच दशकात, 2013 मध्ये, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि घरच्यांनी त्यांची राख कुठल्याही विधीविना शेतात विखुरली. आमच्याकडे तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. आज कितीतरी गावांत लोक शेतात खड्डा घेऊन राख टाकतात, वर झाड लावतात. कायद्याच्या आधी माणसं शहाणी झाली.

आणि मग कोरोनातला एप्रिल 2021. दादांना आम्ही लांबूनच पाहिलं. राख मागायला गेलो तर एका कर्मचाऱ्यानं हाकललं, "संसर्ग आहे, मिळणार नाही." चार दिवस आम्ही फेऱ्या मारल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं 15 मार्च 2020च्या सूचनांतच लिहिलं होतं, की राखेपासून धोका नाही, अंत्यविधीसाठी ती गोळा करता येईल. तो कागद पुतण्यानं मोबाइलवर दाखवला, तेव्हा कुठं नाव चिकटवलेली पिशवी हातात आली. एका ओळीच्या नियमानं आमचे दादा आम्हाला परत मिळाले. नियमाचं मोल मला तेव्हा कळलं. त्याच उन्हाळ्यात टपाल खात्यानं स्पीड पोस्टानं अस्थी पाठवायची सोय काढली: वाराणसी, प्रयागराज, हरिद्वार, गया. यादीत गोदाकाठचं एकही गाव नव्हतं. एकनाथांच्या पैठणचंही नव्हतं.

औरंगाबाद शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या. मला एवढंच हवंय: पैठणला, कायगावला, जिथं लोक येतात तिथं नदीपासून वेगळं, वाहतं पाणी असलेलं कुंड बांधा. सावडून उरलेली राख मातीत जाईल अशी जागा प्रत्येक स्मशानात ठेवा. आणि कुठं सोडायचं, कुठं नाही, हे मराठीत लिहून फलकावर लावा, म्हणजे दुःखातल्या माणसाला रखवालदाराशी हुज्जत घालावी लागणार नाही.

वहिनींचं गाडगं शेतातल्या लिंबाला टांगलंय. झाडाखाली राख टाकू, असं मी सुचवलं. पुतण्या नको म्हणतो. आईनं गंगेतच सोड असं सांगितलं होतं, आणि तिची गंगा म्हणजे ही गोदावरी. पाऊस चांगला झाला आणि धरणाचे दरवाजे उघडले की तो जाणार आहे.