विश्वास आणि विचारणा

घरचे डॉक्टर म्हणजे आपल्याला देवासारखे. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचीही डॉ. हॅरॉल्ड शिपमनवर अशीच श्रद्धा होती. बोलावलं की घरी येणारा, जुन्या वळणाचा डॉक्टर!

पेथिडिनच्या खोट्या चिठ्ठ्यांबद्दल १९७६ साली त्याला दंड झाला होता, पण डॉक्टरकी सुटली नाही. १९७७ साली तो हाइडला आला. डायमॉर्फिन टोचून तो रुग्णांचा जीव घेई आणि मृत्यूचा दाखलाही स्वतःच लिही. मार्च १९९८ मध्ये तिथल्याच एका डॉक्टरीणबाईंनी शंका कळवली. पोलिसांनी वरवर तपास केला. त्यानंतर आणखी तिघी गेल्या. शेवटची ८१ वर्षांची. मृत्युपत्रात सारं काही शिपमनला! तिची मुलगी वकील. तिने बनावट ओळखली. पुरलेला देह वर काढला, मॉर्फिन सापडलं. ३१ जानेवारी २००० रोजी १५ खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली. पुढे सरकारी चौकशीत २१५ बळी निश्चित झाले. २००४ साली त्याने तुरुंगात गळफास घेतला.

सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू दुसरा, स्वतंत्र डॉक्टर तपासतो आणि घरच्यांनाही विचारतो. दुःखात बोलणं जिवावर येतं, हे आम्हीही जाणतो. पण मनात काही खटकत असेल, तर तेव्हाच सांगावं. विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. ती मुलगी गप्प बसली असती तर?