भाड्यातून हप्ता निघतो म्हणे!

‘दुसरा फ्लॅट घेऊन टाका, भाड्यातून हप्ता निघेल.’ हे वाक्य मी बिल्डरच्या माणसांपेक्षा नातेवाइकांकडूनच जास्त ऐकलं आहे. बिल्डरच्या माणसाचं ठीक, त्याचं पोट त्यावर आहे. नातेवाइकांनी मात्र कधी कागद-पेन घेतलेलं नसतं. तर आपण घेऊ.

पुण्याच्या उपनगरातला ७० लाखांचा रीसेल टू-बीएचके धरा, भाडं महिना २० हजार. आकडे हिशेबापुरते आहेत, तुमच्या भागातले घालून पाहा. बँक ८० टक्के म्हणजे ५६ लाख कर्ज देते. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर हप्ता साधारण ४८,६०० रुपये बसतो. भाड्यातून त्याचा निम्मासुद्धा निघत नाही. दरमहा २८ हजारांहून जास्त खिशातून घालायचे आहेत.

‘आम्हाला कर्जच नको’ म्हणणाऱ्यांचाही हिशेब करू. ७ टक्के मुद्रांक शुल्क ४ लाख ९० हजार, नोंदणी ३० हजार, एजंटाचा एक टक्का ७० हजार. घर पडलं ७५ लाख ९० हजारांना. भाडेकरू बदलला की रंग, साफसफाई आणि नवा माणूस शोधणं यात वर्षाचा एक महिना सहज जातो, म्हणून भाडं अकरा महिन्यांचंच धरा: २ लाख २० हजार. त्यातून मेंटेनन्स ३० हजार, सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस ३ हजार, मालमत्ता कर १२ हजार, रंग-नळ-गीझर १० हजार, एजंट १० हजार. उरले १ लाख ५५ हजार, म्हणजे घातलेल्या पैशावर जेमतेम २ टक्के, आणि तेही प्राप्तिकराआधी. घराची किंमत वाढेल, हे म्हणणं चूक नाही. पण तो वेगळा डाव आहे. भाड्याच्या नावाखाली तो गळ्यात मारला जातो, तिथे माझी हरकत आहे.

दुसरी समजूत याच्या अगदी उलट: ‘भाडेकरू ठेवला की घर गेलंच.’ ही भीती आली कुठून, हे समजण्यासारखं आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य केलं. आजोबांच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यावर राहणारी बिऱ्हाडं ज्यांनी पाहिली, ते घर कुलूप लावून ठेवतील, पण भाड्याने देणार नाहीत. पण तो जमाना सरला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे, आणि लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराला त्याच्या कलम २४ चं संरक्षण आहे. मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर मालक दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात न अडकता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. शिवाय मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. ‘बारा वर्षं राहिला की मालक होतो’ हेही असंच ऐकीव. करारावर राहणारा माणूस तुमच्या परवानगीने राहतो आहे. परवानगीने घेतलेला ताबा कितीही वर्षं चालला, तरी त्यातून मालकी उगवत नाही.

मात्र हे सगळं करार नोंदवलेला असेल तरच नीट चालतं, आणि इथेच आपली मंडळी शेपाचशे वाचवायला जातात. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे.’ ही समजूत केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली. त्यात एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार अकरा महिन्यांचा असो वा तीन वर्षांचा, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, नोंदलेला करार नसताना वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच आधी खरं धरलं जातं, आणि ते खोटं ठरवण्याचं ओझं तुमच्यावर येतं. आपल्या उदाहरणात ६० हजार डिपॉझिट धरलं, तर अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क साडेपाचशेच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी हजार रुपये. अंगठ्याचा ठसा घ्यायला माणूस घरी येतो. अकरा महिन्यांचीच मुदत हवी असला कुठलाही नियम नाही, पाच वर्षांपर्यंतचा करार करता येतो.

‘सोसायटीची एनओसी’ हेही असंच बुजगावणं. आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने देताना सोसायटीला आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसवरही १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाची मर्यादा आहे: सेवा शुल्काच्या दहा टक्के, त्यात मालमत्ता कर धरायचा नाही. सेक्रेटरीने ‘आमच्याकडे भाडेकरूंना दुप्पट’ असं सांगितलं, तर आदेशाची प्रत पुढे करावी. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी मालमत्ता करातली ४० टक्क्यांची सवलत मात्र भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही. तिथे भांडून उपयोग नाही.

प्राप्तिकराचं थोडक्यात. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा करून उरेल त्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, खर्च शून्य झाला असो वा लाखभर. रंगाच्या, मेंटेनन्सच्या पावत्या जपून वेगळं काही हाती लागत नाही. व्याजामुळे दिसणारा तोटा जुन्या करप्रणालीत २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्या प्रणालीत अजिबात नाही. आणि फ्लॅट दुबईतल्या किंवा अमेरिकेतल्या मुलाच्या नावावर असेल, तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूला टीडीएस कापावा लागतो. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा. नंतर नोटिशीतून कळलं, तर चांगला भाडेकरू जातो.

टोकन देण्याआधी एका रविवारी संध्याकाळी त्या सोसायटीत चक्कर मारा. किती घरं अंधारात आहेत ते मोजा. मग गेटवर वॉचमनला विचारा, इथे टू-बीएचके कितीला जातो आणि रिकामा किती दिवस राहतो. बिल्डरच्या ब्रोशरमधलं भाडं खोडून त्याचा आकडा लिहा आणि वरचा हिशेब पुन्हा करा.